ऑलराउंडरची एकच जागा

परवा सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणीतरी दुखण्याचं मलम चोळून आलं होतं. त्या उग्र वासाने मला कोपरखैरण्याचं मैदान आठवलं. मुलींच्या संघाची निवड होती, ऊन रणरणत होतं, घामावर लाल माती चिकटत होती. ऑलराउंडरची एकच जागा उरली होती आणि त्या जागेसाठी मी आणि माझी मैत्रीण अशा दोघी होतो. ती माझ्याहून सरस होती. झाडाआड बसून ती म्हणाली, “खांद्याला हे चोळ ना, लय ठणकतोय. सरांना बोलू नको हां.” मी चोळून दिलं आणि हातही न धुता सरांकडे गेले. “सर, तिचा खांदा दुखतोय. मला टेन्शन आलंय,” असं अगदी काळजीच्या सुरात सांगितलं. सरांनी तिला बॉलिंग दिलीच नाही. यादीत माझं नाव लागलं. दोन दिवसांनी तिने मला मिठी मारली. “बरं झालं तू सांगितलंस. डॉक्टर बोलले, अजून बॉलिंग टाकली असती तर खांदा कायमचा गेला असता.” पुढे मी बरीच वर्षं राज्याकडून खेळले, तिची निवड कधीच झाली नाही. आजही ती घरी आली की माझ्या मुलीला कौतुकाने सांगते, “तुझ्या आईने माझा खांदा वाचवला,” आणि मी चहा ठेवायच्या निमित्ताने तिथून उठते.