समासातला ठिपका

हिंगोलीच्या कचेरीबाहेर बसून लोकांना उर्दूत अर्ज लिहून देणाऱ्या त्या म्हाताऱ्याला सगळे मुन्शीजीच म्हणत. बोलण्याआधी ते टाक पुसत. फारसी ओळ म्हणताना मात्र डोळे मिटत आणि टाक हातातच वाळून जाई.

पुण्याच्या एका ज्ञानकोशासाठी मी फारसी वाङ्मयावर नोंद लिहिली, ती सारी त्यांना विचारून. मसुदा दाखवला तेव्हा ‘जगातली सर्वांत गोड भाषा’ हे शब्द त्यांनी रेघ मारून काढले.

“काहून? तुमच्या जिवाची भाषा ना?” मी म्हणालो.

“गुरुजी, हे माझं मन म्हणतं. कोशानं म्हणू न्हाई.”

पुढं मी एक वाक्य घुसडलं होतं: फारसी कवितेतली भक्ती मुळात आपल्याच देशातून तिकडं गेली. पुरावा काहीच नव्हता. लिहिताना छाती फुगली होती एवढंच. त्यावर त्यांनी रेघ मारली नाही. समासात फक्त ठिपका दिला.

“हे तुमचं हाय. तुमीच काढा.”

मी काढलं नाही. मसुदा तसाच पाठवला.

पुस्तक आलं. मुन्शीजींनी बोट फिरवत नोंद वाचली. त्या वाक्यापाशी बोट थांबलं, मग खाली आभारात छापलेल्या त्यांच्या नावावर गेलं. बराच वेळ ते टाक पुसत राहिले.

“तकलीफ देतो, गुरुजी. माझं नाव तेवढं काढता येईल का?”

त्यांनी टाक पुढं केला. माझ्या प्रतीतलं त्यांचं नाव मी त्यांच्यादेखत खोडलं. बाकीच्या प्रती केव्हाच गावोगाव गेल्या होत्या.