सातवा घाणा

सन १९९४, वैशाख वद्य पंचमी. ठरलेली रक्कम दीडशे रुपये. हजर माणसं: यजमान नानासाहेब, त्यांच्या घरचे सहा जण, पाटावर बसायचे पाच ब्राह्मण, त्यांत एक माझा नवरा, तेरा पाहुणे, आणि स्वयंपाकाला मी. मागच्या अंगणात भांडी घासणारी फूलमती आणि तिची तीन वर्षांची मुनिया. या दोघींना त्या दिवशी कुणी मोजलं नव्हतं. मीही नाही.

घर बनारसच्या नव्या कॉलनीत. आम्ही दुर्गाघाटावर राहतो. तिथून मैदागिनपर्यंत चालत, पुढे रिक्षा. नानासाहेब मोठे इंजिनियर होते, निवृत्त झाले होते. श्राद्ध त्यांच्या आईचं. सोवळं कडक. पंपाच्या पाण्याला चामड्याचा वायसर लागतो म्हणून ते चालत नसे. अंगणात विहीर होती, तिथून मी स्वतः शेंदायचं.

साडेअकराच्या सुमाराला कळशी घेऊन मी विहिरीवरून येत होते. मागून पदर ओढला गेला. मुनियाने मुठीत धरला होता. तिच्या हाताला गूळ लागला होता.

नानासाहेबांनी बरामद्यातून पाहिलं. ते पोरीला काही बोलले नाहीत, तिच्या आईला बोलले नाहीत. मला म्हणाले, "विहिरीवर जा. इथेच आंघोळ करा, आम्हांला दिसेल अशी. झाली की नाही ते कळायला हवं."

केली. अंगावरच्या लुगड्यानिशी. सात बादल्या. बरामद्यात अठरा-वीस पुरुष. ओलं लुगडं अंगाला कसं चिकटतं ते बाईला सांगावं लागत नाही. माझा नवरा दर्भाच्या काड्या नीट करत होता. शिजलेलं सगळं गाईंना गेलं. मी पुन्हा एकटीने रांधलं. पानं तीन वाजता उठली.

संध्याकाळी नानासाहेबांनी एकशे दहा रुपये पाटावर ठेवले. "चाळीस सामानाचे कापलेत. आणि बाई, एक लक्षात ठेवा. तुम्हांला पैसे स्वयंपाकाचे देत नाही. स्वयंपाक आमच्याही घरी येतो. सोवळ्याचे देतो."

मी पैसे उचलले. बोलले ते मागच्या अंगणात गेल्यावर. फूलमती कढई घासत होती. मुनिया तिच्या पाठीमागे उभी होती.

मी म्हणाले, "अगले साल इसको कहीं बंद करके रखना. मेरे आसपास दिखी तो हाथ तोड़ दूँगी."

फूलमती म्हणाली, "जी, पंडिताइन."

फूलमतीला बोललेलं ते वाक्य माझं आहे. पुढचं सगळं सांगताना ते विसरलं जाऊ नये, म्हणून आधी लिहिलं. माझा अपमान झाला हे खरं. पण तो मी माझ्याजवळ किती वेळ ठेवला? मागच्या दारापर्यंत. तिथे माझ्यापेक्षा खालची बाई भेटली. तिच्या पदरात टाकून मी मोकळी झाले.

दुसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा मलाच बोलावलं. एकदा नव्हे, दोनदा रांधूनही तोंड न उघडणारी बाई सहज मिळत नाही. या वेळी दोनशे ठरले. मी गेले. नवरा वेदपाठशाळेत शिकवायचा, महिन्याला सहाशे मिळायचे. दोन मुलं शाळेत. दोनशे म्हणजे दहा दिवस होते. जाण्याची कारणं माझ्याजवळ आहेत. ती मी पुढे करत नाही, फक्त सांगते.

सकाळी आत शिरताना मुनिया दिसली. चार वर्षांची झाली होती. मी फूलमतीकडे पाहिलं. बोलायची गरजच नव्हती. तिला आठवत होतं.

पावणेअकरापर्यंत तिने पोरीला स्वतःजवळ ठेवलं. मग भांड्यांचा ढीग आला. तिने ड्रायव्हरला विनवलं. नानासाहेबांची पांढरी मोटार लिंबाखाली उभी होती. पूर्ण सावली. पोरीला मोटारीचं वेड. ड्रायव्हरने तिला मागच्या सीटवर बसवलं. पोरीने उतरून धावू नये म्हणून दारं किल्लीने लावली, धूळ येऊ नये म्हणून काचा वर केल्या, आणि साहेबांनी सांगितली म्हणून पत्रावळी आणि विड्याची पानं आणायला सायकलवर चौकात गेला. किल्ली त्याच्या खिशात. सगळ्यांनी आपलं काम नीट केलं होतं. फक्त सावली जागेवर राहत नाही, याचा विचार कुणी केला नाही.

माझ्याजवळ घड्याळ नव्हतं. मी वेळ घाण्यावर मोजते. भरड्याच्या वड्यांचा एक घाणा, दहा वडे, पाच मिनिटं. चोवीस पानं, पानाला तीन वडे, थोडे वरकड. म्हणजे आठ घाणे.

पहिली खेप तेल तापत असताना. विहिरीची वाट मोटारीवरून जायची. मुनियाने आतून काचेला नाक लावलं होतं. मला बघून तिने जीभ काढली. मोटारीचं पुढचं तोंड उन्हात आलं होतं. मी पाहिलं. पाणी घेऊन आत गेले.

दुसरी खेप तीन घाणे झाल्यावर. पूर्ण मोटार उन्हात. मुनियाचं तोंड लालबुंद होतं. ती दोन्ही तळहात काचेवर मारत होती. आवाज बाहेर फारसा येत नव्हता. तोंड उघडं, आणि बाहेर जवळजवळ काही नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. कळशी कमरेवर.

मी बरामद्याकडे बघून म्हणाले, "गाडीत मुलगी आहे. रडतेय."

पाचही ब्राह्मण आंघोळी करून सोवळ्यात बसले होते. एक म्हणाला, "ड्रायव्हर येईल आत्ता."

दुसरे म्हणाले, "शिवाशिव नको म्हणूनच ठेवलीय तिथे. असू दे."

तिसरे गंमतीचे होते. "अहो, तिला साहेबांच्या मोटारीत बसायला मिळालंय. आम्हांला अजून सायकलरिक्षाच."

सगळे हसले. माझा नवराही हसला. मी हसले की नाही ते आठवत नाही, असं लिहिणार होते. पण आठवतं. हसले.

काचेला हात लावला असता तर काय झालं असतं? मोटारीची सीट चामड्याची. आत फूलमतीची पोर. सोवळं मोडलं असतं. मग विहीर, सात बादल्या, बरामद्यातले डोळे, तीन घाणे गाईला. हा सगळा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या केला. बरोबर केला. एकही आकडा चुकला नाही. पोरीचा आकडा त्यात नव्हता.

मी आत गेले. चौथा घाणा सोडला. पाचवा. सहावा. सातवा. वडे छान फुगत होते. मी मनात म्हणत होते, ड्रायव्हर आला असेल. बरामद्यात पाच जण आहेत, त्यांतलं कुणी उठलं असेल. पाचही जण बहुधा म्हणत असतील, बाई जाऊन-येऊन आहे, ती बघेल.

तिसरी खेप. काचेवर हात नव्हते. मी वाकून पाहिलं. मुनिया सीटवर कुशीवर पडली होती. डोळे अर्धे उघडे. एक पाय थोडा थोडा उडत होता.

मी ओरडले नाही. कुणाला विचारलं नाही. पोर मागे होती म्हणून पुढच्या दाराच्या काचेवर कळशी मारली, भरलेली. कळशीला पोचा पडला, काच तशीच. दुसऱ्यांदा बुडाच्या काठाने मारली. काचेचे खडीसारखे दाणे झाले. हात आत घालून मागच्या दाराची खिट्टी ओढली. मनगटापासून कोपरापर्यंत चिरलं. ती खूण अजून आहे.

तिला उचललं. अंगाला घाम नव्हता. कोरडं आणि तापलेलं, चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखं. मी तिला विहिरीवर नेलं. त्याच दगडावर ठेवलं जिथे मी गेल्या वर्षी बसले होते. पाणी ओढत गेले, ओतत गेले. डोक्यावर, काखेत, पायांवर. तेव्हा बादल्या मोजल्या नाहीत. फूलमती धावत आली आणि पोरीच्या पायांशी बसली. पोरीला उलटी झाली. मग तिने एक लांब श्वास घेतला.

नानासाहेब बरामद्याच्या पायरीपर्यंत आले. पायरी उतरले नाहीत. तेही सोवळ्यात होते.

"ड्रायव्हर पाच मिनिटांत आला असता. काच फोडलीत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरं, झालं ते झालं. पोर तिच्या आईकडे द्या. तुम्ही आंघोळ करून घ्या. वेळ टळतेय."

मी म्हणाले, "करणार नाही."

"म्हणजे?"

"आंघोळ करणार नाही. स्वयंपाकही करणार नाही."

"मग पानं कोण वाढणार?"

मी त्या पाच जणांकडे पाहिलं. "ज्यांचे हात कोरडे आहेत ते वाढतील."

माझा नवरा या वेळीही दर्भाकडे बघत होता. मी त्याच्यासमोरून गेले. ओलं लुगडं, हातातून रक्त, कडेवर फूलमतीची पोर. त्या वर्षी बरामद्यातल्या एकाचेही डोळे वर नव्हते.

फाटकाबाहेर रिक्षा मिळाली. आम्ही दोघी, मध्ये मुनिया. फूलमतीने ओल्या पदराने तिचं डोकं झाकलं होतं.

इस्पितळात बर्फ लावला, सलाइन लावलं. तरुण डॉक्टर होता. त्याने विचारलं, "कितनी देर थी अंदर?"

मी सांगितलं, "एक घंटे के क़रीब."

"आपको कैसे मालूम?"

त्याने पोरीच्या डोळ्यांत बॅटरी टाकली. म्हणाला, "बीस मिनट पहले निकाल लेते तो." वाक्य तिथेच सोडलं. मला ते पुरं करता येत होतं. चौथा, पाचवा, सहावा, सातवा. चार घाणे. वीस मिनिटं.

नवरा संध्याकाळी घरी आला. मी हाताला फडकं बांधून बसले होते.

"जेवलात?"

"हो. नानासाहेबांच्या चुलतबहिणीने वाढलं. आधीचे वडे चालले. ते आधीच झाले होते ना."

"पोटभर?"

त्याने दक्षिणा खिशातून काढली होती. ती परत खिशात ठेवली. "तुझे दोनशे काचेत धरलेत. वर अजून साडेपाचशे मागतायत."

त्या रात्री मी त्याला एकच विचारलं. दुसऱ्या खेपेला तुम्ही का उठला नाहीत? तो म्हणाला, "तू का नाही?" तो बरोबर होता. म्हणूनच आजवर मी त्याच्यावर हा विषय काढून भांडू शकलेले नाही.

मुनिया जगली. अकराव्या दिवशी घरी आली. चालताना तिचा तोल जातो. शब्द तोंडात चिकटतात, एक शब्द निघायला वेळ लागतो. आधी ती धावायची. माझा पदर पकडण्याइतकी जोरात धावायची.

लोक मला शाबासकी देत होते. गलीतल्या बायका म्हणाल्या, तुम्ही होतात म्हणून पोर वाचली. दीड महिना मी ते ऐकून घेतलं. मग सहन झालं नाही. फूलमतीच्या खोलीवर गेले. उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं. पहिली खेप, दुसरी खेप, हसणं, चार घाणे. "मैंने देखा था. देख के अंदर चली गयी थी."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"हमको मालूम है," ती म्हणाली. "पीछे से आप आती-जाती दिखती थीं. हम तो आपको ही देख के निश्चिंत थे, पंडिताइन. सोचे, दो बार उधर गयी हैं, देख ही रही होंगी. कुछ होता तो बोलतीं."

मग म्हणाली, "और बंद करने को तो आपने ही कहा था."

मी माफी मागायला गेले होते. मागितली नाही. तिने ती दिली असती तर मला घरी जाऊन झोप लागली असती, आणि तेवढ्यासाठी तिला अजून एक काम सांगणं मला जमलं नाही.

त्यानंतर मी सोवळ्याचा स्वयंपाक केला नाही. पाच घरं सुटली. आता डबे करते. रेल्वेतले आणि बँकेतले एकूण अठरा डबे. माझ्या चुलीला कुणीही शिवावं. ब्रह्माघाटावरच्या दोन घरांत त्यामुळे मला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. ठीक आहे.

मैदागिनला मोटारी उन्हात उभ्या असतात. डब्यांची पिशवी घेऊन जाताना मी प्रत्येक मोटारीत वाकून बघते. काचेवर हात ठेवते. मालक ओरडतात, "ए, गाड़ी को हाथ मत लगाओ." लावते. पिशवीच्या तळाशी तराजूचं एक किलोचं लोखंडी वजन असतं. कळशीला दोन घाव लागले होते. याला एक पुरेल.

हे लिहिते आहे १९९९च्या जूनमध्ये. नानासाहेबांनी काचेच्या पैशांसाठी ड्रायव्हरला तीनदा पाठवलं. दिले नाहीत. माझे दोनशे मिळाले नाहीत, मागितले नाहीत. १९९५च्या जुलैपासून दर एक तारखेला मुनियाच्या मालिशीला आणि शाळेला म्हणून ऐंशी रुपये फूलमतीच्या हातात दिले. अठ्ठेचाळीस महिने, तीन हजार आठशे चाळीस. ती माझ्यासमोर मोजून घेते, बस म्हणत नाही. यात एक घाणाही फिटला नाही, हे तिला माहीत आहे आणि मला माहीत आहे. पुढचे ऐंशी एक तारखेला. आणि पुढची काच मी पहिल्या खेपेलाच फोडीन.