आधी बोंड, मग अळी

कपाशीवरची कीड ओळखून औषध सांगणारं एक यंत्र २००४ साली सेलूतल्या एका बियाण्याच्या दुकानात बसवलं. महिनाभरात ते धूळ खात पडलं. मग ते बनवणाऱ्या नागपूरच्या मंडळींनी गावातल्या मंगल कार्यालयात कार्यशाळा भरवली आणि वापरणाऱ्यांचं ऐकायला पंधरा शेतकरी बोलावले. त्यांत बाई एकच होती, चार एकर कपाशी स्वतः सांभाळणारी अन्नपूर्णाबाई. शिक्षण चौथी.

सकाळभर तिनं ऐकून घेतलं. यंत्राच्या पडद्यावरची चित्रं भूपेंद्रची, त्याची पेटी प्रफुलनं घडवलेली, आणि कोणत्या बटणानंतर काय यावं हे ठरवणारी रक्षा. नागपूरहून आलेले तिघंही डिझायनरच, पण चूक निघाली की ती दुसऱ्याची. भूपेंद्र म्हणे, पेटी उंच झाली. प्रफुल म्हणे, बटणंच फार दाबावी लागतात.

शेवटी अन्नपूर्णाबाई उठली.

"तुमचं तिघायचं काम येगयेगळं हाय, समजलं मले. पण यंत्रापाशी मानूस तं एकच येते ना! इथं बसून काऊन भांडून राह्यले? दुकानात चाला. अन् तिथं कोनी तोंड उघडाचं नाई."

दुकानात तानबाजी नावाचे म्हातारे शेतकरी आले, हातात किडकं बोंड घेऊन. यंत्रानं आधी नाव विचारलं, मग गाव, मग पडद्यावर सहा अळ्यांची सुबक चित्रं आली, खाली लिहिलेलं, कीड निवडा. तानबाजींनी चित्रं पाहिली, बोंड पाहिलं, आणि ते पायरी उतरले. रक्षा सांगायला धावणार, तोच अन्नपूर्णाबाईनं तिचा हात धरला. बाहेर जाऊन तिनं स्वतःच विचारलं, "काऊन परत चालले, भाऊ?"

"अळी कुठं दिसली मले, बाई? बोंडाले भोक दिसलं. अन् माहं नाव कायले पायजे त्याले?"

आत तिघांनीही ते ऐकलं. दुपारी अन्नपूर्णाबाईनं आपल्या वावरातून भोकं पडलेली बोंडं, आकसलेली पानं टोपलीभर आणली आणि त्या तिघांना एकाच टेबलाशी बसवलं. भूपेंद्रनं अळ्यांऐवजी बोंडांची चित्रं काढली, रक्षानं नाव-गाव पुसून टाकलं, प्रफुलनं पेटी खाली आणून तिला बोंड ठेवायला फळी लावली. त्या हंगामात यंत्रासमोर रांग लागली.

पुढच्या वर्षी कारंज्यातही यंत्र बसवायचं ठरलं आणि तिथल्या कार्यशाळेचं बोलावणं आलं, तेव्हा तिनं रक्षाला बजावलं, "अर्ध्या बाया बोलाव, पोरी. कापूस आमीच येचतो, कीड पयले आमालेच दिसते."

बारा बाया आल्या. त्यांतल्या सात जणींना वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, यंत्र बोललं तर बरं होईल. कोणाच्या आवाजात, यावर फार चर्चा झालीच नाही. अन्नपूर्णाबाई दोन दिवस नागपुरात माइकसमोर बसली. लाजली, अडखळली, पण कागदावरचं प्रमाण मराठी वाक्य एकही तसंच ठेवलं नाही.

२००६ च्या हंगामात सेलू, कारंजा आणि जाम या तिन्ही गावांतली यंत्रं अगदी शेजारीण बोलावी तशी बोलू लागली, "बोंडाले भोक हाय का? मंग हे बटन दाबजो."