पुढचा रस्ता मोकळा आहे

कारखान्यात त्यांना सगळे माईकबाई म्हणत. सैन्याच्या चिलखती गाड्या बनवणारा तो कारखाना, आणि फाटकाशेजारच्या काचेच्या खोलीत माईकबाई. आलेला फोन जोडून द्यायचा, कुणाला बोलावणं आलं की भोंग्यावरून पुकारायचं, एवढंच काम. पण आवाज असा, की वेल्डिंगचा कल्ला चालू असला तरी माणूस मान वर करायचा. ‘डबे खाली ठेवू नका, उंदीर लागतात,’ एवढं म्हटलं की मिशाळ बाप्ये निमूट उठून डबे उचलायचे. घरी बायकोचं ऐकतील तर शपथ!

पुढे नव्या गाडीला तोंड बसवायचं ठरलं. या नव्या गाड्या एकमेकींशी जोडलेल्या असायच्या. पुढच्या गाडीला किंवा वर उडणाऱ्या ड्रोनला जे दिसेल, ते लगेच मागच्या सगळ्यांच्या नकाशावर उमटायचं. पण चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर. त्याने नकाशा बघायचा कधी? म्हणून नकाशात आलेलं त्याच्या कानात सांगायचं. आधी यंत्राने बनवलेला आवाज लावून बघितला. चालकांनी तो चक्क बंद करून ठेवला. डोकं उठवतो म्हणाले. तेव्हा तिथल्या इंजिनीयरला सुचलं, आपल्या माईकबाई काय वाईट आहेत?

भिंतींना जाड घोंगड्या लावलेल्या एका खोलीत बाईंना बसवलं. काचेपलीकडून इंजिनीयर एकच टुमणं लावून होता, ‘बाई, घाबरवायचं नाही. शांत बोला.’ मागचं दार उघडं आहे. डावं चाक रुतलंय. उजवीकडे हालचाल आहे. सगळी वाक्यं बाईंनी घोटून घोटून म्हटली. ‘पुढचा रस्ता मोकळा आहे’ हे मात्र पहिल्याच फटक्यात जमलं. त्याच आठवड्यात त्यांचा एकुलता एक मुलगा सैन्यात चालक म्हणून पास झाला होता. बाप लवकर गेलेला, बाईंनी एकटीने वाढवलेलं पोर. ते सुख आवाजात उतरलं, तर त्याला त्या तरी काय करणार?

आणि योगायोग बघा, पोराच्या वाट्याला गाडी आली ती हीच.

‘आई, काय छळ लावलायस!’ तो फोनवर म्हणायचा. ‘घरी दार लाव, दार लाव म्हणून जीव खायचीस. इथेही तेच. पळून जाऊ तरी कुठे?’

‘मग लावत जा ना दार,’ बाई म्हणायच्या.

‘सगळे हसतात गं. गाडी बोलली रे बोलली की म्हणतात, जा, आईने हाक मारली.’

‘हसू देत. ऐकतोस ना पण?’

‘न ऐकून करतो काय?’

फोन ठेवल्यावर बाई हे संभाषण चहाच्या वेळी सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगायच्या. मिरवत नव्हत्या असं नाही. चांगल्याच मिरवायच्या, आणि का मिरवू नये?

मग लढाई लागली. आपण आपले टीव्हीसमोर बसून नकाशावरचे बाण मोजत होतो, आणि बाई फोन उशाशी घेऊन झोपत होत्या. फोन आलाच नाही. एके दिवशी दुपारी दोन अधिकारी दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातातल्या टोप्या बघूनच बाई काय ते समजल्या. गाडी सुरुंगावर गेली, चालक जागीच गेला, एवढंच ते सांगू शकले.

माणसं आली, रडली, गेली. बाईंच्या डोक्यात मात्र एकच किडा शिरला होता. त्या वेळी गाडीत काय ऐकू आलं? मी धोका म्हणाले आणि त्याने ऐकलं नाही, की मी काही बोललेच नाही? ज्याला त्याला त्या हेच विचारायच्या. ‘असलं काही मनात आणू नका,’ असं म्हणून लोक विषय बदलायचे. मनात काय विचारून येतं का?

शेवटी त्या गाडीचा कमांडर भेटायला आला. पोरापेक्षा चार वर्षांनी मोठा असेल नसेल. काखेत कुबडी. बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि समोर बसून सरळ विचारलं, ‘मी काय बोलले?’

त्याला कळलं. ‘मावशी, राहू द्या ना.’

‘तू नाही सांगितलंस तर मी मरेपर्यंत हेच विचारत राहीन. सांग.’

‘सकाळपासून गाड्यांची आपसातली जोडणी तुटत होती,’ तो म्हणाला. ‘तुटली की नकाशा कोरा व्हायला हवा. तो झाला नाही. आदल्या दिवसाचंच चित्र धरून बसला. नाल्यावरच्या पुलाशी मी गाडी थांबवायला लावली. मला ती वाट पटत नव्हती. म्हटलं, उतरून पायी बघून येतो. तेवढ्यात...’

‘तेवढ्यात मी बोलले.’

‘हो. पुढचा रस्ता मोकळा आहे.’

‘आणि तो?’

‘हसला. म्हणाला, साहेब, आई सांगतेय, आता कशाला उतरायचं?’ कमांडरने पेला खाली ठेवला. ‘मीसुद्धा नको म्हटलं नाही, मावशी. आवाजच असा आहे तुमचा.’

बाईंनी असा हंबरडा फोडला की शेजारची माणसं धावत आली. कमांडर तिथेच डोकं धरून बसला. कोणी कोणाला सावरायचं?

दुसऱ्या दिवशी बाई कारखान्यात गेल्या, त्या थेट इंजिनीयरपुढे. ‘माझा आवाज काढा. सगळ्या गाड्यांतून. आत्ताच्या आत्ता.’

इंजिनीयरचे डोळेही सुजलेले होते. ‘तुम्ही म्हणाल तर काढतो, बाई. मला तोंड नाही तुम्हाला काही सांगायला. चूक सापडलीय. आता जोडणी तुटली की गाडी तसं बोलेल. त्यासाठी तीन वाक्यं हवीयत. दुसरा आवाज आणायचा तर तो पोरांच्या कानाला रुळेपर्यंत कितीतरी दिवस जातील, आणि गाड्या तर आजही रस्त्यावर आहेत. पोरं तुमचं ऐकतात, बाई.’

‘ऐकतात म्हणूनच मेला माझा!’

बाई तरातरा बाहेर पडल्या. आवारात नव्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. एकीचं झाकण उघडं होतं. बाईंनी आत वाकून बघितलं. चालकाची जागा केवढीशी! तिथे बसलेलं पोर गुडघे कसे दुमडत असेल, हेच त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग परत आल्या आणि म्हणाल्या, ‘कागद द्या.’

कागदावर लिहिलं होतं, माहिती जुनी आहे. थांबा. पुढे जाऊ नका.

पहिल्यांदा त्या पहिल्याच वाक्यात अडखळल्या. दुसऱ्यांदा ‘थांबा’पाशी रडू फुटलं. शांत बोला म्हणायची या खेपेला इंजिनीयरची छाती झाली नाही. बाईंनी पदराने तोंड पुसलं, श्वास घेतला, आणि तिन्ही वाक्यं अगदी स्वच्छ म्हटली. इंजिनीयरने काचेतून हात केला, मिळालं म्हणून, आणि यंत्र बंद केलं.

बाईंना ते दिसलं. तरी त्या माईक सोडेनात. ‘पुढे जाऊ नका,’ म्हणाल्या. पुन्हा तेच म्हणाल्या. मग पोराला घरात हाक मारायच्या त्या नावाने हाक मारली आणि म्हणाल्या, ‘अरे, मला काही दिसत नाहीये रे. माझं नको ऐकूस. साहेब म्हणतायत ना, तर आधी उतर. उतरून बघ.’