तिसऱ्या पुलावरचा निर्णय

को चिन-पाओ सव्वीस वर्षं तैवानच्या सैन्यात रणगाड्यांचा मिस्त्री होता. डाव्या हाताची दोन बोटं साखळीत चिरडली, तरी त्याचा जीव रणगाड्यातच. निवृत्त झाल्यावर तो पश्चिम किनाऱ्यावरच्या आपल्या गावी आला आणि मासेतळ्यांचे पंप दुरुस्त करू लागला. बायको आ-ग्वेइ दारात बसून कालवं फोडायची.

एका सकाळी मेजर श्याओ आला. एकेकाळी चिन-पाओच्या हाताखाली शिकलेला.

"मास्तर, समुद्रातून शत्रू उतरलाच, तर या किनाऱ्यावर काय हवं ते ठरतंय," तो म्हणाला. "आमच्यातला एक गट म्हणतो नवे जड रणगाडे. दुसरा म्हणतो छोट्या ट्रकांवरची क्षेपणास्त्रं. तुमचं मत सांगा."

"माझं मत विचारतोस? रणगाडा!"

"लिहू तसं?"

चिन-पाओने एक बांबू उचलला. "चल, आधी चालून बघू."

तळ्यांमधल्या बांधावर त्याने जागोजागी बांबू खुपसला. वरचा थर टणक, पण खाली लोण्यासारखा चिखल. तीन पूल त्याने वाकून, खालून पाहिले. तिसऱ्या पुलाच्या कठड्यावर तो बसलाच.

"पन्नास टनांचं धूड इथे रुतणार. मागच्या गाड्या अडकणार, आणि आतली पोरं हकनाक मरणार. ट्रकच घ्या. मारा करून लगेच पळणारा, कुठेही लपणारा."

बोलताना त्याने उरलेल्या तीन बोटांनी कठडा घट्ट धरला होता. श्याओने वही उघडली.

"लपवायचे कुठे, मास्तर?"

चिन-पाओने सभोवार नजर फिरवली. कालवांच्या शेड, देवळाच्या पालखीची खोली, बर्फाचा कारखाना. सगळं त्याच्याच गावातलं. त्याने एकेक जागा सांगितली आणि श्याओने ती टिपून घेतली.

जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने वाडगं खाली ठेवलं.

"म्हणजे बॉम्ब आपलं घर शोधत येणार."

"हो."

"आणि हे तुम्ही सुचवलंत?"

"हो."

"रणगाडा म्हणाला असतात, तर काय बिघडलं असतं?"

"पोरं पुलावर मेली असती. मग शत्रू इथवर आलाच असता."

तीन दिवस ती त्याला वाढून स्वतः दारात जाऊन जेवली. त्यालाही झोप लागेना. बांध खरा होता, चिखल खरा होता, पण शेडमागे राहणारी माणसंही तितकीच खरी होती.

पुढच्या आठवड्यात श्याओ नकाशा घेऊन आला, तेव्हा आ-ग्वेइ हात पुसत पुढे झाली.

"ट्रकांनी कुठे लपायचं ते लिहिलंत. आम्ही कुठे लपायचं, ते पान कुठाय?"

मेजर ओशाळला. "ते काम आमच्याकडे नसतं, वहिनी."

"मग आता घ्या तुमच्याकडे! ट्रक आमच्यात ठेवता ना?"

चिन-पाओने स्टूल पुढे ओढलं आणि कोरा कागद मांडला. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणाला कमी ऐकू येतं, शाळेच्या तळघरात किती जण मावतील, हे आ-ग्वेइ सांगत गेली. चिन-पाओ लिहीत होता. दुपारी कालवं घातलेली भाताची पेज समोर आली, तरी यादी अर्धीच झाली होती.

दीड वर्षाने ट्रकच मंजूर झाले. पहिल्या सरावाला सायरन वाजला, तेव्हा आ-ग्वेइ शेजारच्या म्हातारीची चाकांची खुर्ची ढकलत शाळेकडे निघाली होती, आणि चिन-पाओ बांधावर उभा राहून ट्रकच्या नव्या चालकाला ओरडून सांगत होता, "डावीकडे नको रे, तिकडे माती मऊ आहे!"