बाहेरच्या खोलीतला सोफा

वाघोलीच्या त्या सोसायटीत शर्मिला ओव्हाळ यांना सगळे सिस्टर म्हणत. महापालिकेच्या प्रसूतिगृहात सव्वीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त झाल्या होत्या. तरी कुणाच्या पोराला ताप आला की पहिली बेल त्यांच्याच दाराची वाजायची. त्यांचे यजमान सुखदेव भूकरमापक होते, म्हणजे सरकारी खात्यातर्फे जमिनी मोजायचे. खराडीत आज जिथे काचेच्या इमारती आहेत तिथे ते ज्वारीच्या रानातून मोजणीची साखळी घेऊन हिंडलेले. मुलगी अस्मिता त्यातल्याच एका इमारतीत नोकरीला लागली तेव्हा ते तिला म्हणाले होते, "तुझ्या ऑफिसची पूर्वेची भिंत आहे ना, तिथे बांध होता. त्या बांधापायी दोन भाऊ वीस वर्षं कोर्टात भांडले. जमीन विकून आता दोघांचे बंगले शेजारीशेजारी आहेत. मधे भिंत मीच आखून दिली."

बोलणं असं मोजकं आणि कोरडं. माणूस मात्र लोकांत रमणारा.

निवृत्तीनंतर दीड वर्षानं, जानेवारीत, सुखदेवांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. तीन महिन्यांच्या व्यायामानं पाय काठीच्या आधारानं उचलू लागला, बोलणं अडखळत का होईना परत आलं. लघवीवरचा ताबा मात्र पुरता आला नाही. कधी चार-चार दिवस कपडे कोरडे राहायचे, आणि कधी कळायच्या आत होऊन जायचं. डायपर लावून पाहिलं, तर उन्हाळ्यात कातडी सोलून निघाली.

मे महिन्यात शर्मिलाबाईंचे भाऊ रंगनाथ आणि भावजय भेटायला आले. सुखदेव बाहेरच्या खोलीत जुन्या फोमच्या सोफ्यावर बसले होते, गप्पा चालल्या होत्या, आणि तेव्हाच ते झालं. भावजयीनं पदर नाकाशी नेला आणि लगेच खाली घेतला. तिचा काही वाईट हेतू नव्हता. पण सुखदेवांनी ते पाहिलं. फोम आतपर्यंत भिजला होता. दोन दिवस गच्चीत उन्हात ठेवूनही वास गेला नाही, शेवटी भंगारवाल्याला दिला.

"मला आत ठेव," सुखदेव म्हणाले. "आत बरं आहे."

आतल्या खोलीत लोखंडी कॉट होती, तिच्यावर मेणकापड. ते आत गेले ते गेलेच. श्रीनिवास आपटे हे त्यांचे ऑफिसातले मित्र, तीस वर्षं एका टेबलाशी बसलेले, आता तेही निवृत्त. ते शनिवार पेठेतून दोन बसा बदलून दोनदा आले. दोन्ही वेळा आतून हळू आवाजात हुकूम आला, "झोपलेत म्हणून सांग." दुसऱ्या वेळी आपट्यांनी जाता जाता चपला घालत म्हटलं, "वहिनी, याला नोकरीत असताना इतकी झोप कधी लागली नाही." शर्मिलाबाईंना हसू आलं नाही. बसस्टॉपकडे हळूहळू जाणारे आपटे त्यांनी गॅलरीतून पाहिले आणि त्या संध्याकाळी अस्मिताला म्हणाल्या, "सोफा घ्यायचाय. तुझ्या फोनवर दाखव."

अस्मिता खूश झाली. तिनं चॉकलेटी रंगाचे दहा-बारा दाखवले. "आई, हा बघ, लेदर फिनिश. पुसला की क्लीन."

"घाम येतो त्याच्यावर. खोळ काढून धुता येईल असा दाखव."

मग लिननच्या खोळीचा एक सापडला. गाद्या सुट्या, पाठीची नि हातांची खोळसुद्धा चेन उघडून निघणारी, रंग ताकाचा. शर्मिलाबाईंनी त्यावर बोट ठेवलं.

"आई, सीरियसली? पांढरा? पप्पांसाठी?"

"पांढऱ्यावर डाग दिसतो. दिसला की धुता येतो. गडद रंगावर डाग लपतो आणि वास मागे राहतो. दोन खोळी मागव, एक अंगावर, एक दोरीवर."

भिंतीचं माप हवं होतं. टेप सापडेना. दोघी शोधत होत्या तेव्हा आतून आवाज आला, "खिडकीपासून दारापर्यंत सात फूट चार इंच. दार तीन फूट. पाय सुटे असतील तरच मागवा, नाहीतर जिन्यातच बसाल त्याच्यावर." महिनाभरातलं त्यांचं हे सगळ्यात लांब बोलणं होतं.

सोफा आला, पाय सुटे होते, दारातून आत गेला. शर्मिलाबाईंनी गाद्यांवर आधी मेणकापड शिवून चढवलं आणि वर खोळ. खोली उजळल्यासारखी झाली. सुखदेव दाराशी काठीवर उभे राहून बघत होते.

"बसा की," शर्मिलाबाई म्हणाल्या.

"छान आहे," ते म्हणाले आणि वळून आत गेले.

पंधरा दिवस असेच गेले. एका सकाळी मात्र शर्मिलाबाईंचा धीर सुटला. "कुणासाठी आणलाय तो?"

"लोकांसमोर मला भिजलेला दाखवायला," सुखदेव म्हणाले. एकेक शब्द त्यांना ओढून काढावा लागत होता. "मी कॉटवर भिजतो. ते बघायला तू एकटी पुरे आहेस."

शर्मिलाबाईंनी कॉटवरचं मेणकापड सरळ केलं. मग म्हणाल्या, "सव्वीस वर्षं मी बायकांच्या चादरी बदलल्या. काय काय असायचं त्यांच्यावर. एकीलाही मी मान खाली घालायला लावली नाही. माझ्याच घरात माझा नवरा मान खाली घालून बसलाय, हे मला बघवत नाही, एवढंच." आणि त्या भांडी घासायला गेल्या. सुखदेव त्या दिवशीही बाहेर आले नाहीत.

ते बाहेर आले ते वेगळ्याच कारणानं. सोफा कुणी वापरत नसला तरी रस्त्यावरच्या बांधकामांची धूळ बसतच होती. दुसरी खोळ अजून यायची होती, म्हणून शर्मिलाबाईंनी हीच धुतली, कडक उन्हात खडखडीत वाळवली, आणि ती चढेना. कापड आटलं होतं. एक बाजू ओढली की दुसरी सुटायची. अस्मिता ऑफिसात. अर्धा तास झटून त्यांच्या बोटांची नखं दुखायला लागली.

"अहो, जरा इकडे या. एक कोपरा धरा."

सुखदेव आले. भिंतीला पाठ टेकून काठी बाजूला ठेवली आणि डाव्या हातानं कोपरा धरला. "पाणी मार," ते म्हणाले. "ओलं कापड ताणतं." शर्मिलाबाईंनी पाणी शिंपडलं. दोघांनी ओढलं. कोपरा बसला, चेन लागली. मग दुसरा कोपरा, मग गाद्या. तिसऱ्या गादीच्या वेळी त्यांचा उजवा हातही कापडाला लागला. जोर नव्हता त्यात, पण लागला. सगळं होईपर्यंत ते घामाघूम झाले, पाय थरथरायला लागले, आणि जवळ टेकायला दुसरं काही नव्हतं म्हणून ते सोफ्यावर बसले.  शर्मिलाबाई चहा टाकायला गेल्या आणि मुद्दाम वेळ लावला.

त्यानंतर ते सकाळी पेपर वाचायला बाहेर येऊ लागले. कधी खोळ भिजायची, कधी नाही. भिजली की दोघं मिळून काढायचे, दुसरी पाणी शिंपडून चढवायचे. फिजिओथेरपीच्या बाईंनी हाताचा फरक पाहून विचारलं तेव्हा सुखदेव म्हणाले, "सोफ्याचे कपडे बदलतो."

गणपतीच्या आधी एका बुधवारी आपटे तिसऱ्यांदा आले. दार उघडंच होतं आणि सुखदेव समोर बसलेले. झोपलेत म्हणून सांगायची सोय राहिली नाही. आपटे शेजारी बसले, जुन्या ऑफिसातल्या बदल्या सांगू लागले. अर्धाएक तास झाला असेल. सुखदेवांचा चेहरा एकदम उतरला. स्वयंपाकघराच्या दारातून शर्मिलाबाईंनी ते ओळखलं आणि त्या पुढे होणार, एवढ्यात सुखदेवच बोलले.

"आपटे, जरा ऊठ. माझ्याकडून ओलं झालंय. खोळ काढावी लागेल."

आपटे उठले. त्यांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर लावला. "चेन कुठून आहे याची?"

"मागून. तुला नाही जमायचं."

"तू आधी कपडे बदलून ये. मग मला शिकव."

सुखदेव बदलून येईपर्यंत आपट्यांनी दोन गाद्या उघड्या केल्या होत्या. तिसरीशी झटापट चालू असताना ते खाली बघतच म्हणाले, "प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर मी सहा महिने घराबाहेर पडलो नाही. ऑफिसात सांगितलं पाठ धरली म्हणून."

"मला पण तेच सांगितलंस."

"तुलाच तर पहिल्यांदा सांगितलं."

सुखदेव हसले. झटक्यानंतर ते हसले की तोंड एका बाजूला जायचं, म्हणून ते हसायचं टाळत. त्या दिवशी त्यांच्या लक्षात राहिलं नाही. वाळलेली दुसरी खोळ पाणी मारून तिघांनी मिळून चढवली. एक गादी आपट्यांनी उलटी घातली आणि ती पुन्हा काढावी लागली.

आपटे मग दर बुधवारी यायला लागले. बाहेरच्या खोलीत सुखदेव दिसतात म्हटल्यावर सोसायटीतलेही डोकावू लागले. वाघोलीच्या पुढे जमिनीचे तुकडे पाडून विकणं जोरात चाललं होतं आणि आयटीतल्या तरुण मुलांना सातबारा वाचता येत नव्हता. वरच्या मजल्यावरची पूर्वा आणि तिचा नवरा अभय एका रविवारी कागद घेऊन आले. बुकिंग करणार होते.

सुखदेवांनी नकाशा मांडीवर घेतला, डाव्या हाताचं बोट फिरवलं. "रस्ता कुठाय?"

"हा काय अंकल, बारा मीटरचा. एजंटनं दाखवला."

"त्यानं दाखवला. कागदावर नाही. पावसाळ्यात इथून ओढा वाहतो, मी छत्री धरून मोजलाय." मग ते एकदम थांबले, काठी घेतली. "बसा. आलोच."

ते बाथरूमला जाऊन आले. वेळेत. दोघं तशीच बसून होती, अभयच्या हातात नकाशा होता आणि तो आता रस्ता शोधत होता. सुखदेव त्याच्या शेजारी हळूच टेकले आणि आत आवाज दिला, "अगं, चहा टाक. पूर्वाला साखर कमी."