आमची गुलाबी गाडी

मंडळी, सकाळपासून मन लागेना, म्हणून लिहायलोय.

१९९३ साली मी आणि ताडकळसचा माझा दोस्त भगवान परभणीच्या कॉम्प्युटर क्लासात चपला बाहेर काढून डॉस या तेव्हाच्या सिस्टिमवरचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचो. सुरुवातीला गेम ग्राफिक्स कार्डाचं सेटिंग, म्हणजे पडद्यावर किती रंग हवेत ते विचारायचा. सर ओरडायचे, "पहिलंच ठेवा! दुसरं दाबलं की मॉनिटर फुटतो." पहिल्यात चारच रंग. आमची गाडी गुलाबी, झाडंसुद्धा गुलाबी.

क्लास बंद पडला तेव्हा ते मशीन मी घरी आणलं. आज पुसून चालू केलं आणि भीत भीत शेवटचं, सगळ्यात जास्त रंगांचं सेटिंग दाबलं, व्हीजीए. काहीच फुटलं नाही. गाडी लालभडक, झाडं हिरवीगार! इतकी वर्षं हे सगळं त्याच कार्डात होतं.

लगेच भगवानला फोन लावला. "अरे, आपला गेम रंगीत झाला! येऊन बघ!"

बोलून गेल्यावर मला आठवलं. शुगरनं त्याचे दोन्ही डोळे गेलेत, दोन वर्षं झाली.

"म्या काय बघू आता?" तो म्हणाला. "तूच सांग. आपली गाडी गुलाबीच हाय ना?"



"गुलाबीच हाय," मी म्हणालो.